कापडाचा फोटो : फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर आमचे चाळीस साड्यांचे एक पार्सल विदर्भातल्या एका दुकानदाराकडून परत आले. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, 'माल फोटोप्रमाणे नाही.' तीस वर्षांच्या धंद्यात आमचा माल कधी परत आलाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मीटर कमी भरला, रंग गेला, घडीत फाटका नग निघाला, अशा कारणांनी तो आलेला आहे आणि अशा वेळी चूक आमची होती हे आम्ही कबूल केलेले आहे. या खेपेला मात्र सूत चांगले, रंग पक्का, विणकर आमचा जुना आणि भरवशाचा. साडी वांगी रंगाची, अंगावर डॉबीची त्याच रंगातली बारीक बुट्टी. फोटोत ती तांबूस दिसत होती आणि बुट्टी तर नव्हतीच. दुकानदाराने साधी तांबडी साडी समजून मागवली होती. त्याच्या हातात वांगी बुट्टीची साडी पडली. आम्ही त्याला चांगला माल दिला होता आणि तरीही त्याच्या दृष्टीने आम्ही खोटे ठरलो. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर बसले ते वेगळेच.

फोटो आमच्याच धाकट्या मुलाने पेढीवर काढला होता. वर ट्यूबलाइट, हातात कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश. आपल्यापैकी शंभरातले किती व्यापारी आज याच पद्धतीने मालाचे फोटो काढत असतील याचा हिशेब आम्ही करीत नाही. ज्याने त्याने आपल्या मोबाइलमध्ये डोकावून पाहावे.

आम्ही मालेगावचे. आमच्या वडिलांच्या काळी बाहेरगावचा आडत्या पेढीवर येऊन बसत असे. चहा व्हायचा, मग तो थान उलगडून काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, चोळायचा, कापड तिरपे करून दाराच्या उजेडाकडे न्यायचा, मगच भावाची गोष्ट निघायची. जो येऊ शकत नसे त्याला आम्ही कात्रणे कागदाला टाचून टपालाने पाठवीत असू. त्या कात्रणाचा तुकडा दोन बोटांएवढा असला तरी त्याला हात लावता येत होता. आता सौदा व्हॉट्सअपवर होतो. सकाळी फोटो टाकला की दुपारपर्यंत होय-नाही कळते. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण सौद्यातून गिऱ्हाइकाचा हात निघून गेला, नुसता डोळा उरला. जे काम पूर्वी बोटे करीत होती ते आता फोटोने करायचे आहे. हे काम त्याच्याकडून होत नसेल तर दोष कॅमेऱ्याचा नसून उजेड कोठून पडतो याचा आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्यासाठी हा लेख.

विणकराला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागत नाही. मालाची तपासणी करणारा कारीगर कापड कधी डोळ्यासमोर सरळ धरून बघत नाही. तो ते खिडकीपाशी नेतो आणि तिरपे करतो. उजेड पृष्ठभागावरून सरपटत गेला की प्रत्येक धागा आपली बारीकशी सावली टाकतो आणि त्या सावलीमुळेच ताणा वेगळा दिसतो, बाणा वेगळा दिसतो, बुट्टी उठते, गाठ कळते. नांगरलेले शेत भर दुपारी बघा आणि असरच्या वेळी बघा. असरची वेळ तर मुळी सावलीच्या लांबीवरूनच ठरते. दुपारी सगळे रान सपाट वाटते आणि असरला एकेक सरी मोजून घ्यावी अशी दिसते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश म्हणजे कापडाची भर दुपार. उजेड भिंगाच्या रेषेतच जातो आणि सावली पडते ती धाग्याच्या पाठीमागे, जेथे भिंगाला ती दिसत नाही. त्याच रंगातल्या बुट्टीचा, म्हणजे आपण ज्याला सेल्फ म्हणतो त्याचा, सगळा दिखाऊपणा सावलीवर असतो. रंगाचा फरक तेथे नसतोच. पांढऱ्यावर पांढरी चौकट असेल तर समोरच्या फ्लॅशने ती पार धुऊन निघते आणि हाती येतो कोऱ्या कागदाचा फोटो.

तेव्हा फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला ठेवायला हवा, इतके उघड आहे. पण बाजूला ठेवलेल्या फ्लॅशला कॅमेऱ्याचे बटण केव्हा दाबले हे कळावे कसे? कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या एका लहानशा भागापुरता उघडतो आणि फ्लॅश नेमका तेवढ्यात चमकला पाहिजे. पूर्वी त्यासाठी वायर लावीत. आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडे अशी वायर होती. तिच्यात पाय अडकून त्याचा फ्लॅश दोनदा खाली पडला होता आणि दुसऱ्या वेळेला तो उठलाच नाही. दुसरा उपाय बिनतारी यंत्राचा. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसते, दुसरी फ्लॅशच्या पायाखाली. बटण दाबले की पहिली डबी रेडिओच्या लहरीने दुसरीला खबर देते आणि फ्लॅश चमकतो. यालाच ट्रिगर म्हणतात. यात जादू काही नाही, दाराच्या बिनतारी घंटीचे तत्त्व तेच.

हे यंत्र पूर्वी नव्हते असे नाही, परवडत नव्हते. अमेरिकेच्या पॉकेटविझार्डचा एकेक नग दीडशे डॉलरच्या पुढे होता आणि कमीत कमी दोन लागत. मुंबईतले मोठे जाहिरातवाले ते वापरीत, आपला त्याच्याशी संबंध नव्हता. मग २००५ नंतरच्या काळात हाँगकाँग आणि चीनकडून स्वस्त डब्या येऊ लागल्या. सुरुवातीच्या डब्या कशा होत्या ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्या पुतण्याने तसली एक जोडी आणली होती. तिच्यात घंटीच्या रिमोटमध्ये असतो तसला बारा व्होल्टचा बुटका सेल. दहा वेळा बटण दाबावे तर एक-दोन वेळा फ्लॅश मुकाट राहायचा आणि कधी कधी कोणी बटण न दाबताच चमकायचा. घरातली मुले त्याला जिन्नचा फ्लॅश म्हणत. त्या कंपनीचे नाव येथे घेत नाही, ती बहुधा सुधारलीही असेल.

नंतर माल सुधारला. योंगनुओ या चिनी कंपनीच्या आरएफ ६०२ आणि त्यानंतरच्या आरएफ ६०३ या डब्या २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या. ही लहर घरातल्या वायफायचीच, तिच्यासाठी आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. ६०३ ची गंमत अशी की, तीच डबी पाठवणारीही आणि घेणारीही. दोन सारख्या डब्या घ्यायच्या, कोणतीही कोठेही लावायची, आत घड्याळाचे बारीक सेल घालायचे. २०१३ साली याच कंपनीने वायपी नव्हे तर वायएन ५६० या आपल्या फ्लॅशच्या तिसऱ्या आवृत्तीत घेणारी डबी पोटातच बसवली, म्हणजे एक नग कमी झाला. आता बाजारात शेन्झेनच्या गोडॉक्सचा जोर आहे. त्यांच्या टीटी ६०० या साध्या फ्लॅशमध्येही घेणारे यंत्र आतच आहे आणि फ्लॅशची ताकद पूर्णपासून १/१२८ पर्यंत कॅमेऱ्यावरच्या डबीवरूनच कमीजास्त करता येते. आम्ही घेतले तेव्हा असा एक फ्लॅश आणि एक डबी मिळून दहा-बारा हजारांच्या आसपास पडले. एका पार्सलच्या नुकसानीशी ही रक्कम ताडून पाहा.

आम्हाला हा मार्ग दाखवला तो कोणा मोठ्या तज्ज्ञाने नव्हे. पुतण्याच्या वलीम्याला मोहल्ल्यातला एक पंचविशीतला मुलगा फोटो काढत होता. त्याने हॉलच्या कोपऱ्यात स्टँडवर एक फ्लॅश उभा केला होता आणि स्वतः सगळीकडे मोकळा फिरत होता. आम्ही विचारले, "मियाँ, तुमचा दिवा तेथे आणि तुम्ही येथे, हा काय प्रकार?" तो म्हणाला, "चाचा, समोरून मारला की चेहरा पापडासारखा सपाट येतो. बाजूने मारला की नाकडोळे उठून दिसतात." आम्हाला त्या क्षणी नाकडोळे नाही, ती परत आलेली बुट्टी दिसली. दुसऱ्या दिवशी त्याला पेढीवर बोलावले आणि तीच वांगी साडी त्याच्यापुढे टाकली. पाऊण तासाने त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जो फोटो दाखवला त्यात रंग वांगी होता आणि बुट्टी मोजता येत होती. ज्या गावातल्या पोरांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, सायकलवर कॅमेरा धरून चालत्या दृश्यांचे काम भागवले, त्या गावात कापडाचा एक धड फोटो निघत नाही याची आम्हाला तेव्हा शरम वाटली.

आता रीत सांगतो. ती आम्ही चुका करीत शिकलो, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, खोलीतला उजेड फोटोतून बाद करायचा. आमच्या पहिल्या फोटोत रंग बिघडला तो यामुळेच. ट्यूबचा उजेड हिरवट, फ्लॅशचा जवळजवळ दिवसाच्या उजेडासारखा, दोन्ही मिसळले की कॅमेरा गोंधळतो आणि आपल्या मनाने रंग जुळवतो. कॅमेरा पूर्ण हातचालवत्या पद्धतीवर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवा. शटर १/१२५, छिद्र एफ ८, आयएसओ २००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. तो काळाकुट्ट आला पाहिजे. आला, याचा अर्थ ट्यूबलाइट चालू असली तरी फोटोच्या हिशेबात ती नाही. आता फ्लॅश चालू करा. जो काही उजेड फोटोत येईल तो एकाच दिव्याचा आणि एकाच रंगाचा असेल. रंगाची नोंद, ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, ती 'ऑटो'वरून काढून फ्लॅशच्या चिन्हावर कायम करा. मग लाल मालानंतर हिरवा माल आला तरी कॅमेरा आपले मत बदलणार नाही.

शटर १/१२५ का, याचेही कारण आहे. कॅमेऱ्याचा पडदा एका ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण उघडतो. बहुतेक कॅमेऱ्यांत हा वेग १/२०० किंवा १/२५० असतो. त्याच्या पुढे गेलात तर फोटोत एका बाजूला काळा पट्टा येतो. स्वस्त डब्या खबर पोचवताना किंचित उशीर करतात, म्हणून थोडे खाली राहिलेले बरे. आमच्या मुलाने काळा पट्टा पाहून कॅमेरा बिघडला म्हणून तो नाशिकला दुरुस्तीला न्यायची तयारी केली होती.

दुसरी गोष्ट अंतराची. आम्ही आधी फ्लॅश कापडाच्या अगदी जवळ ठेवला, दोन फुटांवर. कापड चार फूट पसरलेले. जवळची किनार पांढरीफटक आणि दूरची अंधारात. उजेडाचा कायदा असा की, अंतर दुप्पट झाले तर उजेड अर्धा नाही, पाव होतो. जवळची कड दोन फुटांवर आणि दूरची सहा फुटांवर असेल तर दोन कडांत नऊपट फरक पडतो. तोच फ्लॅश आठ फूट मागे न्या. आता कडा आठ आणि बारा फुटांवर आहेत आणि फरक सव्वादोन पटीवर येतो. मात्र आठ फुटांवरून उजेड सोळावा हिस्साच पोचतो, म्हणून १/३२ वर ठेवलेली ताकद १/२ वर न्यावी लागते आणि सेल लवकर संपतात. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे चांगले सेल घ्या, टाकाऊ सेलांवर हे काम महाग पडते. उरलेला फरक समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की बराचसा भरून निघतो.

कोन किती ठेवायचा हे मालावर आहे. सेल्फ बुट्टी, टॉवेलचे फंदे, खडबडीत खादीसारखे कापड यांना उजेड फार खालून, जवळजवळ कापडाला घासत जाणारा लागतो. छापील कापडाला एवढी गरज नाही, तेथे उजेड अर्ध्या कोनात आणि मऊ असावा. मऊ करण्यासाठी बाजारातली छत्री घ्यायची गरज आम्हाला पडली नाही. आपल्याच दुकानातली धुतलेली पांढरी मलमल चौकटीवर ताणून फ्लॅशच्या पुढे उभी केली. कोरी मलमल लावू नका, तिचा पिवळटपणा फोटोत उतरतो. जरीच्या काठाला मात्र मऊ उजेडच बरा, नाहीतर काठावर पांढरे ठिपके फुटतात.

पांढऱ्या मालाबद्दल एक इशारा. टिनोपाल घातलेले कापड फ्लॅशखाली निळसर दिसते, कारण फ्लॅशमधले न दिसणारे किरण तो रसायनी पदार्थ निळ्या उजेडात बदलतो. काही कृत्रिम धाग्यांवरचा काळा रंगही फोटोत तांबूस येतो. अशा वेळी फोटोसोबत दोन शब्द लिहून पाठवावेत, गिऱ्हाईक त्याचा राग धरीत नाही.

कापडाखेरीज इतर हुन्नर असलेल्या बांधवांसाठी थोडेसे. औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासून ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहराचे हिमरू विणकर आमच्याशी सहमत होतील की, हिमरूची सगळी शान सुती ताण्यावर चढवलेल्या रेशमी नक्षीत आहे आणि ती बाजूच्या उजेडाशिवाय कळत नाही. बिदरीची गोष्ट उलटी. काळ्या धातूवर चांदीची तार. तिच्यावर थेट फ्लॅश मारला तर चांदी आरशासारखी डोळ्यांत घुसते आणि काळा रंग धूसर होतो. तेथे फ्लॅशचे तोंड वस्तूकडे करूच नये. पांढऱ्या भिंतीकडे किंवा थर्माकोलकडे करावे, म्हणजे चांदीत त्या भिंतीचे पांढरे प्रतिबिंब सावकाश उतरते. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटलेला असेल तर हे साधत नाही, सुटा असेल तर सहज साधते.

खरेदी करताना दोन खड्डे टाळा. साध्या स्वस्त डब्या कॅमेऱ्याच्या खाचेतल्या मधल्या टिकलीवर चालतात. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क दोन या कॅमेऱ्यांच्या खाचेत ही मधली टिकलीच नाही. हे कॅमेरे आपल्याकडे खूप विकले गेले आहेत आणि जुन्या बाजारातही मिळतात. ते वापरायचे तर खास कॅननसाठी बनवलेली आणि या कॅमेऱ्यांवर चालते असे सांगणारी डबीच घ्यावी लागेल. शक्य तर कॅमेरा दुकानात नेऊन, डबी लावून, फ्लॅश चमकलेला पाहूनच पैसे द्या. दुसरा खड्डा जुन्या फ्लॅशचा. घरात किंवा स्टुडिओत पडलेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅश फुकट मिळतो म्हणून तो थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्याचे आतले काम जळू शकते. स्वस्त डबीही त्याने जळते.

आता आक्षेपांकडे येतो, कारण हे बोलणे आम्ही गावातल्या चार व्यापाऱ्यांपुढे काढले तेव्हा ते गप्प बसले नाहीत.

एक जण म्हणाले, आता मोबाइल इतके चांगले आहेत, कॅमेरा हवाच कशाला? त्यांचे बोलणे अर्धे खरे आहे. मोबाइलला ही डबी लावायची खाच नसते आणि त्याचा पडदा ओळीओळीने उघडतो, त्यामुळे बाजूचा फ्लॅश सहसा त्याच्याशी जुळत नाही. ज्याच्याजवळ फक्त मोबाइल आहे त्याने उत्तरेच्या खिडकीपाशी कापड तिरपे पसरून फोटो काढावा, दिवे सगळे बंद करावेत. समोरच्या फ्लॅशपेक्षा तो शंभरपट बरा येईल. एलईडीचा दिवाही बाजूला ठेवता येतो, पण स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो आणि कापडवाल्याला ते परवडत नाही. खिडकी मात्र ढग आले की बदलते, संध्याकाळी संपते आणि आपल्या गल्ल्यांत किती पेढ्यांना खिडकी आहे? रोज तीस-चाळीस नगांचे फोटो ज्याला एकसारखे हवे आहेत त्याला फ्लॅशशिवाय गती नाही. कॅमेरा मात्र दहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालतो. मुले ऐंशी हजारांच्या कॅमेऱ्यासाठी हट्ट धरतात, त्यांना सांगा, जुना कॅमेरा घ्या आणि उरलेल्या पैशांत उजेड घ्या.

दुसरे गृहस्थ, वयाने आमच्याहून मोठे, हाजीसाहेब, त्यांनी खरा नाजूक मुद्दा काढला. म्हणाले, "बाजूच्या उजेडात नक्षी दिसेल, तशी गाठही दिसेल, तुटलेला धागाही दिसेल. समोरच्या फ्लॅशने सगळे झाकले जाते, तेच बरे नाही का?" हे ते थट्टेने म्हणाले, पण सगळ्यांच्या मनातले म्हणाले. आमचे उत्तर असे की, फोटोत झाकलेली गाठ पार्सल उघडल्यावर दिसतेच, फक्त तेव्हा ती आपल्या भाड्याने दिसते. मालातला ऐब सांगून विकावा हे आम्ही सर्वांनी लहानपणी मक्तबातच ऐकलेले आहे आणि त्यात फोटोचा अपवाद कोणी केल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्ही आता दुय्यम मालाचा फोटो मुद्दाम खालच्या उजेडात काढतो, गाठीवर बोट ठेवून काढतो आणि भाव त्याप्रमाणे सांगतो. तो माल पडून राहिलेला नाही. बाजूचा उजेडही खोटे बोलू शकतो, हेही येथे कबूल केले पाहिजे. फार खालून मारला तर पातळ कापड जाड भासते. म्हणून आम्ही प्रत्येक नगाचे दोन फोटो पाठवतो, एक वीण दाखवणारा आणि एक मऊ उजेडात पूर्ण घडीचा.

हा मुद्दा आज अधिक जड झाला आहे. हल्ली मोबाइलवर चार शब्द लिहिले की यंत्र न विणलेली साडी, जन्माला न आलेल्या बाईच्या अंगावर नेसवून दाखवते. काही व्यापारी अशी चित्रे पाठवून आधी ऑर्डर घेतात आणि मग जवळपासचा माल शोधत फिरतात. गिऱ्हाईक एकदा फसेल, दोनदा फसेल, मग ते फोटोवरच भरवसा ठेवणे सोडून देईल आणि त्याचा फटका खरा माल असणाऱ्यालाच बसेल. ज्याच्या फोटोत ताणा-बाणा मोजता येतो, काठाची उसवलेली दशीही दिसते, त्याचा माल प्रत्यक्षात आहे हे तरी गिऱ्हाइकाला कळते. लहान व्यापाऱ्याजवळ मोठ्या कंपन्यांची जाहिरात नाही, सुंदर मॉडेल नाहीत. त्याच्याजवळ माल आहे आणि तोच त्याला नीट दाखवता येत नसेल तर तो या बाजारात कशाच्या जोरावर उभा राहणार?

तिसरा आक्षेप खर्चाचा होता. दहा-बारा हजार ही रक्कम दहा साचे चालवणाऱ्याला जड नाही, दोन साचेवाल्याला जड आहे. आमची सूचना अशी की, एका गल्लीतल्या चार-पाच पेढ्यांनी मिळून एक संच घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. धंद्यासाठी घेतलेल्या अशा सामानावरच्या कराची वजावट नियमित कर भरणाऱ्याला मिळू शकते; कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला मिळत नाही, तेव्हा आपल्या हिशेबनिसाला आधी विचारावे. आणि फोटो काढायला मोहल्ल्यातल्याच मुलाला बोलवावे. लग्नसराई संपली की हे फोटोग्राफर चार-चार महिने रिकामे बसतात. त्यांना नगामागे दर ठरवून द्यावा आणि तो रोख द्यावा. 'तुझा फोटो आम्ही फिरवतो, तुझे नाव होईल' असे सांगून फुकट काम करून घेणारे व्यापारीही आपल्यात आहेत, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो पण लिहितो. कारीगराची मजुरी आपण अडवत नाही, मग याचीच का अडवावी? उजेड कोठे ठेवायचा हे ज्याला कळते तोही कारीगरच आहे.

आमच्याकडे हे काम जुम्याला, नमाजनंतर चालते. त्या दिवशी साचे बंद असतात, जमीन हादरत नाही आणि हवेत रुई उडत नाही. भिंगावर बसलेली रुई फोटोत धुक्यासारखी दिसते, म्हणून आधी ते पुसून घ्यावे लागते. तोच वलीम्याचा मुलगा येतो, धाकटा थान धरतो, दुपारभरात आठवड्याचा नवा माल उरकतो. विदर्भातल्या त्या दुकानदाराला आम्ही परत आलेल्या साडीचे नवे दोन फोटो पाठवले, खाली रंगाचे नाव लिहिले आणि आधीची चूक आमची होती हेही लिहिले. त्याने चाळीस नाही, बारा नग मागवले.